वय कोणी संपवले? सरकारी नोकरभरतीतील पात्रता आणि वयोमर्यादेचे खटले

(दिल्लीतील मराठी सभासदांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय वरवर पाहता वकिलांच्या कचेरीतला वाटेल. सरकारी व सार्वजनिक क्षेत्रातील भरतीत पात्रता कशी ठरते, वयाची अट कोणासाठी आणि किती शिथिल होते, व त्यावरून होणाऱ्या खटल्यांत न्यायालये काय म्हणतात, हा तो विषय. परंतु करोल बागेला लागून असलेल्या जुन्या राजेंद्रनगरात किंवा उत्तरेकडच्या मुखर्जीनगरात एक संध्याकाळ काढून पाहा. महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली शेतकऱ्यांची, शिक्षकांची, एसटी कामगारांची मुले तेथे खोल्या करून राहतात. दोघे भेटले की गुणांच्याही आधी विचारले जाते, "तुझी किती वर्षे उरली?" विशी-तिशीतल्या माणसाने आपले आयुष्य उरलेल्या वर्षांत मोजावे, अशी ही व्यवस्था आहे.

प्रथम नियम पाहू. केंद्राच्या नागरी सेवा परीक्षेला खुल्या प्रवर्गासाठी ३२ वर्षे ही कमाल मर्यादा आहे. खालच्या अनेक पदांना ती २७ किंवा ३० आहे. अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षे आणि इतर मागासवर्गीयांना ३ वर्षे अधिक मिळतात. उमेदवाराची शैक्षणिक पात्रता अर्जाच्या अंतिम तारखेला पूर्ण असली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली निःसंदिग्ध सांगितले. या तत्त्वाशी आपले भांडण असण्याचे कारण नाही. तारीख पक्की नसेल तर ती मर्जीतल्या माणसासाठी पुढेमागे सरकवता येईल, आणि त्याचा तोटा गरिबाच्याच मुलाला होईल.

भांडण आहे ते दुसऱ्या टोकाशी. उमेदवार तारखेने बांधलेला आहे. सरकार कोणत्याही तारखेने बांधलेले नाही. जाहिरात केव्हा काढावी, परीक्षा केव्हा घ्यावी, निकाल केव्हा लावावा, हे सारे प्रशासनाच्या सोयीने चालते. निवड यादीत नाव आले तरी नेमणुकीचा अबाधित हक्क निर्माण होत नाही, हे घटनापीठाने १९९१ साली ठरवून टाकले आहे. सरकारने मनमानी करू नये, एवढेच बंधन त्यात आहे. १ मार्च २०२१ रोजी केंद्र सरकारची ९ लाख ७९ हजार पदे रिकामी होती, हा सरकारनेच संसदेत दिलेला आकडा आहे. त्याच सरकारने जुलै २०२२ मध्ये लोकसभेत सांगितले की २०१४ पासूनच्या आठ वर्षांत २२ कोटींवर अर्ज आले आणि ७ लाख २२ हजार जणांची शिफारस झाली. दीर्घकाळ रिकामे राहिलेले पद रद्द झाल्याचे मानावे, असा अर्थमंत्रालयाचा दंडक आहे. म्हणजे भरती लांबवली की एका बाजूला पद मरते, दुसऱ्या बाजूला उमेदवार बाद होतो, आणि काम मात्र कंत्राटदाराच्या हाती जाते.

कर्मचारी निवड आयोगाच्या २०१७ च्या पदवीधर स्तरावरील परीक्षेचे उदाहरण घ्या. प्रश्नपत्रिका फुटल्याच्या आरोपावरून फेब्रुवारी २०१८ च्या अखेरीस लोधी रस्त्यावरील आयोगाच्या कचेरीपुढे हजारो मुले धरणे धरून बसली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, निकालाला स्थगिती मिळाली, आणि अंतिम निकाल लागला नोव्हेंबर २०१९ मध्ये. मधल्या काळात त्या मुलांचे वय थांबले नव्हते.

येथे शब्दाविषयी थोडे बोलू द्या. पक्षाच्या कागदपत्रांचे मराठीकरण हे माझे काम असल्यामुळे अशा जागी अडखळायला होते. आपल्याकडे या गोष्टीला सर्रास 'वयाची सवलत' म्हणतात. हिंदीत 'छूट' म्हणतात. दोन्ही शब्द दुकानदारीचे आहेत. दुकानदार खूश होऊन देतो ती सवलत. न्यायालयांच्या निकालांतही हाच सूर पुष्कळदा ऐकू येतो: वयाची अट शिथिल करणे हा धोरणाचा प्रश्न, तो सरकारने पाहावा. 'शिथिल करणे' हा शब्द त्यातल्या त्यात बरा, कारण गाठ कोणी मारली होती हा प्रश्न त्यात निदान शिल्लक राहतो.

साथीच्या काळात हा प्रश्न उघडा पडला. ४ ऑक्टोबर २०२० रोजी नागरी सेवांची पूर्वपरीक्षा झाली. ज्यांची ती शेवटची संधी होती त्यांनी आणखी एक संधी मागितली. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने न्यायालयात आधी तयारी दाखवली, तीही अशी की संधी संपलेल्यांना एक संधी देऊ, पण वय संपलेल्यांना नाही. अखेर २४ फेब्रुवारीला न्यायालयाने सर्वच याचिका फेटाळल्या.

याच्याशेजारी अग्निपथची हकीकत ठेवून पाहा. साथीचे कारण देऊन सैन्यभरती दोन वर्षे बंद होती. १४ जून २०२२ रोजी योजना जाहीर झाली तेव्हा कमाल वय २१ ठेवले होते. म्हणजे दोन वर्षे मैदानावर धावत राहिलेली मुले एका घोषणेने बाद. बिहारपासून राजधानीजवळच्या पलवलपर्यंत तरुण रस्त्यावर आले. जाळपोळीचे समर्थन आपण करीत नाही. पण १६ जूनच्या रात्री सरकारने त्या वर्षापुरती मर्यादा २३ केली, आणि दोन वर्षे भरती झाली नाही हेच त्याचे कारण दिले. जे कारण मुखर्जीनगरच्या मुलांच्या तोंडी अमान्य होते, ते सरकारच्या तोंडी दोन दिवसांत मान्य झाले! पुढे २७ फेब्रुवारी २०२३ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने योजना वैध ठरवली, आणि जुन्या भरतीत निवड होऊन नेमणुकीची वाट पाहणाऱ्यांच्या हाती काही लागले नाही. महाराष्ट्रात एप्रिल २०१६ मध्ये एका शासन निर्णयाने खुल्या प्रवर्गाची मर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांची ४३ झाली. मार्च २०२३ मध्ये त्या वर्षअखेरपर्यंतच्या जाहिरातींसाठी आणखी दोन वर्षे मिळाली. दोन्ही वेळा घटनादुरुस्ती लागली नाही, कोणाचे आकाश कोसळले नाही.

आता अधिक नाजूक प्रश्नाकडे येतो, कारण येथे आपल्याच माणसांत फूट पडते. राखीव प्रवर्गातील उमेदवाराने खुल्या प्रवर्गाइतके गुण मिळवले तर त्याची गणना खुल्या जागेवर व्हावी, हे मान्य तत्त्व आहे. परंतु केंद्राच्या १ जुलै १९९८ च्या परिपत्रकाने त्याला अपवाद केला: वय, अनुभव, संधींची संख्या यांपैकी कशातही शिथिलता घेतली असेल, तर तो राखीव जागेवरच मोजला जाईल. उत्तर प्रदेशातील भरतीबाबत २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने, वयाची शिथिलता म्हणजे गुणवत्तेची शिथिलता नव्हे, अशी भूमिका घेतली होती. तिला त्या राज्याच्या कायद्याचा आधार होता. केंद्राच्या भरतीत मात्र २०१७ साली, आणि केंद्रीय सुरक्षा दलांच्या शिपाई भरतीत पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये, परिपत्रकच चालले. कायद्याच्या दृष्टीने हे सुसंगत असेल. व्यवहारात त्याचा अर्थ असा, की शेतमजुराची मुलगी दोन वर्षे मजुरी करून उशिरा अभ्यासाला लागली व खुल्या जागेइतके गुण मिळवून गेली, तरी तिने आपल्याच जातीच्या दुसऱ्या मुलीची जागा घ्यायची. वय अधिक म्हणून उत्तरपत्रिका कोणी सोपी काढत नाही. आपल्या संघटनांनी हे परिपत्रक बदलण्याची मागणी लावून धरायला हवी. खुल्या प्रवर्गातील बेकार तरुणाची जागा हिरावली जाते, असे त्याला सांगितले जाईल. त्याला रिकाम्या पदांचा आकडा दाखवणे हे आपले काम आहे.

दिल्लीतल्या मराठी कुटुंबांना थेट लागू होणारी एक मालिका आहे आणि तिची सुरुवात मुंबईत होते. खत उद्योगातील सरकारी कंपनीच्या नोकरीनिमित्त आंध्रातून मुंबईला आलेल्या आदिवासी कर्मचाऱ्याच्या मुलाने सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागेवर प्रवेश मागितला. त्याची जमात महाराष्ट्राच्या यादीत नव्हती. १९९० साली घटनापीठाने सांगितले की जातीचा वा जमातीचा दर्जा त्या त्या राज्यापुरता असतो; १९९४ साली महाराष्ट्रातील जात प्रमाणपत्रांच्या प्रकरणात तेच कायम झाले. मग महाराष्ट्रातून दिल्लीला आलेल्या बौद्ध किंवा मातंग कुटुंबाच्या मुलाचे काय? दिल्लीच्या निवड मंडळाच्या भरतीवरून यावर वर्षानुवर्षे उलटसुलट निकाल लागले. अखेर ३० ऑगस्ट २०१८ रोजी बीर सिंग विरुद्ध दिल्ली जल बोर्ड या खटल्यात घटनापीठाने बहुमताने ठरवले, की राज्याराज्यांत जुनाच नियम राहील, पण दिल्लीच्या सेवा मूलतः केंद्राच्या असल्यामुळे तेथे अनुसूचित जाती-जमातींचे आरक्षण अखिल भारतीय राहील. न्या. भानुमती यांचे मत या मुद्द्यावर वेगळे होते. तेव्हा महाराष्ट्राचे प्रमाणपत्र असलेल्या अनुसूचित जातीच्या मुलाला दिल्लीत नाही म्हणून परत पाठवले, तर तो निकाल पुढे करा. इतर मागासवर्गीयांना हा लाभ नाही. दिल्लीच्या मंडळाच्या जाहिराती दिल्लीचेच प्रमाणपत्र मागतात.

शेवटचे प्रकरण फरीदाबादचे आहे, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. केंद्रीय जल आयोगाच्या तेथील कचेरीत झाडलोट, साफसफाई वगैरे कामे करणारी काही माणसे होती. सर्वांत जुनी नेमणूक १९९३ ची, बाकीच्या २००४ पर्यंतच्या. नाव 'अंशकालीन', काम रोजचे. कायम करा म्हणून ती न्यायाधिकरणात गेली. तेथे २०१८ साली अर्ज फेटाळला गेला आणि त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला त्यांना कामावरून काढून टाकले. पुढच्या अपिलात जी कारणे त्यांच्या विरुद्ध गेली त्यांत एक शैक्षणिक पात्रतेचे होते. वीस वर्षे ज्या हाताने कचेरी झाडली, त्या हाताला झाडू धरण्याची पात्रता आहे काय, असा प्रश्न राजधानीच्या वेशीवर गंभीरपणे विचारला गेला!

सरकार अशा वेळी २००६ च्या उमादेवी निकालाची ढाल पुढे करते. मागल्या दाराने भरती नको, हे त्या निकालाचे सूत्र. पण त्यातच दहा वर्षे मंजूर पदावर राबलेल्यांना एकवार कायम करण्याचा आदेश होता, आणि काही कर्मचाऱ्यांना नियमित भरतीत वयाची अट न लावता स्पर्धा करू द्यावी असेही म्हटले होते. हा भाग सरकारी वकील सहसा वाचत नाहीत. २० डिसेंबर २०२४ रोजी जग्गो विरुद्ध भारत सरकार या खटल्यात न्या. विक्रम नाथ आणि न्या. प्रसन्न वराळे यांनी या दुरुपयोगावर बोट ठेवले, पात्रतेचे कारण नाकारले, आणि कामगारांना परत घेऊन ताबडतोब कायम करण्याचा आदेश दिला. सेवा अखंड धरली गेली. घरी बसवलेल्या सहा वर्षांचा पगार मात्र मिळाला नाही.

असे खटले लढवायला सहा-सहा वर्षे लागतात आणि प्रत्येक कंत्राटी कामगार सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचू शकत नाही. म्हणून या वर्गातून उठताना एक काम घेऊन जावे, अशी विनंती आहे. आपापल्या कचेरीत, रुग्णालयात, शाळेत किती पदे मंजूर आहेत, किती रिकामी आहेत, शेवटची भरती कोणत्या वर्षी झाली आणि त्या पदांचे काम आज कंत्राटावर किती जण करीत आहेत, त्यांचे वय काय, याची यादी प्रत्येक शाखेने करावी. कचेरी माहिती देत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा. घरातल्या मुलांची प्रमाणपत्रे आजच काढून ठेवावीत. २०१६ साली दिल्लीच्या एका प्रकरणात उशिरा दिलेले प्रमाणपत्र न्यायालयाने चालवून घेतले होते, पण २०२३ साली आर्थिक दुर्बल प्रवर्गाच्या उमेदवारांना तारीख चुकली म्हणून बाहेर राहावे लागले. पहिल्या निकालाच्या भरवशावर कोणी बसू नये. याद्या पुढच्या बैठकीला आणाव्यात. त्यांवरून मागणीपत्रक तयार करता येईल.