युनियनमधून सत्तेकडे : सिएरा लिओनच्या सियाका स्टीव्हन्स यांची हकिकत
(कार्यकर्ता शिबिरात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे ‘कामगार संघटना आणि राजकारण’ असा विषय छापला आहे. या विषयावर नुसता उपदेश केला तर जेवणानंतरच्या सत्रात निम्मे सभासद डुलक्या घेतील, याची आम्हाला कल्पना आहे. म्हणून आज एका माणसाची हकिकत सांगणार आहोत. माणूस आपल्या देशाचा नाही, पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनचा आहे. पण तो रेल्वेच्या कामातून वर आला, त्याने युनियन बांधली आणि शेवटी देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. त्याचे नाव सियाका स्टीव्हन्स. ही हकिकत संपल्यावर आम्ही एक ठराव आपल्यापुढे ठेवणार आहोत. तेव्हा कृपा करून शेवटपर्यंत बसावे.

सिएरा लिओन ही इंग्रजांची वसाहत होती. तिथली सरकारी रेल्वे 1896 साली फ्रीटाऊन बंदरापासून बांधायला घेतली आणि 1908 पर्यंत ती पूर्वेला पेंडेंबूपर्यंत पोचली. लांबी सुमारे 365 किलोमीटर, रुळांतले अंतर अडीच फूट. आपली बार्शी लाईट आणि विदर्भातली शकुंतला याच मापाच्या होत्या. ताडाचा माल बंदरावर आणायचा, एवढ्यासाठी ती गाडी होती. या रेल्वेच्या कामगारांनी 1919 साली संप केला आणि 1926 साली पुन्हा केला. दुसरा संप सुमारे सहा आठवडे चालला आणि सरकारने तो मोडून काढला. त्या वेळी वीस वर्षांचा सियाका स्टीव्हन्स पोलिसात नोकरीला होता.

त्याचा जन्म 1905 सालचा. फ्रीटाऊनच्या अल्बर्ट अकॅडमीत शिक्षण झाले, मग पोलिसात भरती झाला. ती नोकरी सोडून 1931 पासून तो मरांपाच्या लोखंडाच्या खाणीच्या कंपनीत लागला. खाणीपासून पेपेल बंदरापर्यंत कंपनी स्वतःची रेल्वे टाकत होती, त्या कामावर तो होता. पंधरा वर्षे त्याने त्या कंपनीत काढली. खाणीतल्या माणसाचे हाल त्याने जवळून पाहिले आणि 1943 साली सहकाऱ्यांबरोबर खाण कामगारांची युनियन उभी केली. 1946 साली कामगारांचा प्रतिनिधी म्हणून तो संस्थानी भागाच्या सभेत गेला. 1947 साली ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजात कामगार संबंधांचे शिक्षण घेऊन आला. इथपर्यंतची गोष्ट ऐकून कोणत्याही कार्यकर्त्याची छाती फुगावी, अशीच आहे.

पुढे 1951 साली सिएरा लिओन पीपल्स पार्टीच्या स्थापनेत त्याचा हात होता. वर्षभरात तो मंत्री झाला. खाती मिळाली जमीन, खाणी आणि कामगार. फेब्रुवारी 1955 मध्ये फ्रीटाऊनच्या कामगारांनी मार्कस ग्रँट यांच्या पुढाकाराने पगारवाढीसाठी संप केला. दंगल उसळली, गोळीबार झाला, माणसे मेली. कामगार खाते त्या वेळी जुन्या युनियनवाल्याकडेच होते. बंधूंनो, टेबलाच्या अलीकडे बसणारा माणूस पलीकडे जाऊन बसला की काय होते, याचा हा पहिला धडा.

तरीही या माणसात हिंमत होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. 1960 साली लंडनला स्वातंत्र्याच्या वाटाघाटी झाल्या, तेव्हा करारावर सही न करणारा तो एकटाच प्रतिनिधी होता. इंग्रजांशी गुप्त संरक्षण करार होतो आहे, असा त्याचा आक्षेप होता. शिवाय स्वातंत्र्याआधी निवडणूक घ्या, अशी मागणी होती. मायदेशी येऊन त्याने ऑल पीपल्स काँग्रेस हा पक्ष काढला. 27 एप्रिल 1961 रोजी देश स्वतंत्र झाला. कामगार, कारकून, गरीब तरुण या नव्या पक्षाभोवती गोळा झाले. मार्च 1967 च्या निवडणुकीनंतर स्टीव्हन्सने पंतप्रधानपदाची शपथ घेतली आणि लगेच सेनापतीने त्याला अटक केली. पुढे सेनाधिकाऱ्यांचे राज्य आले. एप्रिल 1968 मध्ये लष्करातल्या खालच्या दर्जाच्या शिपाई-सार्जंटांनीच बंड करून ते उलथवले आणि स्टीव्हन्सला सत्ता परत मिळाली. लोकांनी केवढ्या आशेने त्याचे स्वागत केले असेल!

आता दुसरी बाजू ऐका. 1971 साली बंडाचा एक प्रयत्न झाला. स्टीव्हन्सने शेजारच्या गिनी देशाचे सैनिक आपल्या रक्षणाला बोलावले. तिथे सेकू तुरे राष्ट्राध्यक्ष होते. तेही टपाल कामगारांच्या युनियनमधून आलेले, आणि त्यांच्याही तुरुंगात विरोधक खितपत पडले होते. ज्या ब्रिगेडियर बांगुरांनी 1968 साली स्टीव्हन्सला सत्तेवर परत आणायला हात दिला, त्यांना त्याच वर्षी फाशी झाली. त्याच वर्षी देश प्रजासत्ताक झाला आणि स्टीव्हन्स राष्ट्राध्यक्ष. डॉक्टर मोहम्मद फोर्ना हे त्याचे अर्थमंत्री. कारभार पटला नाही म्हणून 1970 साली त्यांनी राजीनामा दिला होता. राजद्रोहाचा खटला भरून जुलै 1975 मध्ये त्यांनाही इतर काही जणांबरोबर फाशी दिले. 1977 साली विद्यार्थी रस्त्यावर आले. 1978 साली देशात एकच पक्ष कायदेशीर उरला, स्टीव्हन्सचा.

आणि रेल्वेचे काय झाले? रेल्वे तोट्यात आहे, बंद करा, असा बाहेरच्या कर्ज देणाऱ्यांचा सल्ला होता. स्टीव्हन्सच्या सरकारने तो मानला. एकेक भाग बंद होत 1974 च्या सुमारास पेंडेंबूची गाडी कायमची थांबली. ही लाइन दक्षिण आणि पूर्व भागातून जात होती, आणि तो भाग विरोधी पक्षाचा बालेकिल्ला होता. म्हणून लाइन मुद्दाम मोडली, असे तिथले लोक आजही म्हणतात. कारण काहीही असो, ज्याने उमेदीची वर्षे रुळांच्या कामावर घालवली, त्याच्याच राजवटीत रूळ उखडले गेले. आज त्या रेल्वेची उरलीसुरली इंजिने आणि डबे फ्रीटाऊनच्या क्लाइन टाऊनमधल्या संग्रहालयात पाहायला मिळतात. शेतकऱ्याचा माल आणि गावचा माणूस मात्र खराब रस्त्यावर राहिला.

1980 साली आफ्रिकन ऐक्य संघटनेची परिषद फ्रीटाऊनला भरवली, तिच्यावर गरीब देशाने न झेपणारा खर्च केला. हिरे चोरवाटेने बाहेर जात होते आणि तांदूळ महाग होत होता. जिथे गाय बांधलेली असेल तिथेच ती चरणार, ही तिथली क्रिओ भाषेतली म्हण. म्हणजे ज्याला जी खुर्ची, त्याने तिथे खावे, हा त्या काळचा रिवाज झाला. 1981 साली तिथल्या लेबर काँग्रेसने महागाईविरुद्ध सार्वत्रिक संप पुकारला. खाण कामगारांची युनियन काढणाऱ्या राष्ट्राध्यक्षाने काय केले? आणीबाणी जाहीर केली आणि युनियनच्या माणसांना पकडले.

नोव्हेंबर 1985 मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, स्टीव्हन्स आपण होऊन पायउतार झाला. आफ्रिकेत तेव्हा असे क्वचितच घडे, ही गोष्ट त्याच्या बाजूने लिहिली पाहिजे. पण वारस त्यानेच नेमला, सेनापती जोसेफ मोमो. मे 1988 मध्ये तो वारला. मार्च 1991 मध्ये यादवी युद्ध पेटले आणि 2002 पर्यंत चालले. बंडखोरांचा म्होरक्या फोदे सांकोह हा 1971 च्या त्या बंडप्रकरणात तुरुंगात गेलेला जुना लष्करी नाईक होता. पुढे सत्यशोधन आयोगाने युद्धाच्या मुळाशी वर्षानुवर्षांचा भ्रष्ट आणि एकतंत्री कारभार असल्याचे नोंदवले. याच युद्धात जुलै 2000 मध्ये आपले भारतीय जवान संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली कैलाहूनला वेढ्यात अडकलेल्या साथीदारांना सोडवायला गेले, ते या पेंडेंबूच्याच मुलखातून.

आता आपल्याकडे पाहू. व्ही. व्ही. गिरी हेही रेल्वे कामगारांचे पुढारी. बंगाल-नागपूर रेल्वेत त्यांनी संघटना बांधली. 1952 साली, म्हणजे स्टीव्हन्स मंत्री झाला त्याच सुमारास, ते केंद्रात कामगारमंत्री झाले. बँक कर्मचाऱ्यांच्या निवाड्यात सरकारने फेरफार केला, तेव्हा 1954 साली गिरींनी राजीनामा दिला. खुर्ची सोडता येते, हे त्यांनी दाखवले. पण तेच गिरी राष्ट्रपतिपदी असताना मे 1974 चा रेल्वे संप चिरडला गेला, हेही विसरू नये. आमच्या आधीच्या पिढीने त्या वीस दिवसांत तुरुंग पाहिले, बडतर्फी पाहिली, क्वार्टरमधून बायकामुलांना बाहेर काढलेले पाहिले. राष्ट्रपतिभवनात आपला माणूस होता, म्हणून त्यातले काही टळले नाही.

यावरून कामगाराने राजकारणात जाऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. जरूर जावे. कायदे तिथेच होतात. स्टीव्हन्स हा जन्मतः दुष्ट माणूस होता, असेही आम्ही मानत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की ज्या खाण कामगारांनी त्याला पाठवले, त्यांना त्याला परत बोलावण्याचा मार्ग नव्हता. हिशेब विचारण्याची सोय नव्हती. पुढे हिशेब विचारणे हाच राजद्रोह ठरला. हे एका दिवसात घडले नाही. पहिल्यांदा सभा पुढे ढकलली जाते, मग निवडणूक, मग विचारणारा माणूस फुटीर ठरतो. आपल्या शाखांत यातले काहीच घडत नाही, असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल?

म्हणून ठराव असा आहे. एक, युनियनच्या पदाधिकाऱ्याने कोणत्याही पक्षाचे तिकीट घेतले तर अर्ज भरण्याआधी युनियनचे पद सोडावे. दोन, वर्गणीचा जमाखर्च दरवर्षी प्रत्येक शाखेत सभासदांपुढे वाचावा, गँगमनपासून गार्डपर्यंत कोणीही प्रश्न विचारावा. तीन, सचिवपद एका माणसाकडे लागोपाठ दोन मुदतींपेक्षा जास्त राहू नये.

तिसरे कलम वाचल्यावर पुढच्या रांगेतले काही मित्र हसले, ते आम्ही पाहिले. आमची ही दुसरी मुदत आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ठराव मंजूर झाला तर पुढच्या अधिवेशनात आम्ही या टेबलाच्या मागे नसू, तुमच्यात खाली सतरंजीवर बसलेले असू. तिथून नव्या सचिवाला हिशेब विचारू. ठराव मंजुरीसाठी मांडत आहोत. चर्चा मोकळेपणाने व्हावी, विरोधातही बोलावे.

कामगार एकजुटीचा विजय असो!