भट्टीचा धूर



आपल्या गावातली किती घरे मुंबईच्या पैशावर चालतात, ते आम्ही सांगायला नको. कुणाचा मुलगा टॅक्सी चालवतो, कुणाचा भाऊ हमाली करतो, कुणी पावाच्या भट्टीवर आहे. दिवाळीला माणूस घरी येतो, तेव्हा पिशवीत खाऊ असतो आणि छातीत खोकला. आपण म्हणतो, "मुंबईचं पाणी बाधलं." पुष्कळदा पाणी नव्हे, हवा बाधलेली असते.

आमच्या ओळखीचे एक काका तीस वर्षे पावाच्या भट्टीवर होते. भट्टी लाकडावर चाले. लाकूड तरी कसले? मोडक्या खुर्च्या, कपाटाच्या फळ्या, जुनी खोकी. कुठे रंग लावलेला, कुठे सरस. असले लाकूड स्वस्त मिळते, पण त्याचा धूर जास्त विषारी. रात्री भट्टी पेटे, पहाटे पाव निघे, आणि दिवसा काका भट्टीवरच्या माळ्यावर झोपत. आम्ही एकदा विचारले, "काका, धुराचा त्रास होत नाही?" ते म्हणाले, "पहिल्यांदा डोळे चुरचुरतात. मग सवय होते. मग धूर दिसतसुद्धा नाही."

जो दिसत नाही, तोच जास्त वाईट. काही जळले की मोठी काजळी उडते. ती नाकात अडकते. नाक शिंकरले की काळी निघते. पण तिच्याबरोबर फार बारीक कण उडतात. किती बारीक? शाळेतल्या मुलाची पट्टी घ्या. तिच्यावरचे सगळ्यांत लहान घर म्हणजे एक मिलिमीटर. तेवढ्या जागेत असे ४०० कण एका ओळीत बसतील. यांना नाकातले केस अडवत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळाशी जातात. त्यांतले अगदी बारीक तर रक्तातही उतरतात. म्हणून नुसता दमा-खोकलाच होतो असे नाही. हृदयविकार, अर्धांगवायू, फुप्फुसाचा कर्करोग, हे रोगही त्यांच्यामुळे वाढतात. बाहेरच्या दूषित हवेने २०१९ साली जगात सुमारे ४२ लाख माणसे अकाली गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

कुणी म्हणेल, "मुंबईला तर समुद्र आहे, वारा आहे." खरे आहे. पावसाळ्यात तिथली हवा धुऊन निघते. पण हिवाळ्यात वारा मंदावतो. रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी बसते. मग भट्ट्यांचा, डिझेलच्या ट्रकांचा, कारखान्यांचा, जाळलेल्या कचऱ्याचा धूर खालीच कोंडतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराला आग लागली. तो धूर उपग्रहाने काढलेल्या चित्रातही दिसला. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ती आग साऱ्यांनी पाहिली. गल्लीच्या कोपऱ्यावर रोज पेटणारा ढीग कोण मोजतो?

९ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयाने हुकूम दिला, की लाकूड-कोळशावरच्या पावभट्ट्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसरे स्वच्छ इंधन वापरावे. काकांचा पुतण्या त्याच धंद्यात आहे. तो घाबरला. म्हणाला, "नवी भट्टी महाग. मालक आधी माणसं कमी करील. मग खायचं काय?"

त्याची भीती खोटी नाही. भट्टी बदलायला मालकाला सवलतीचे कर्ज मिळावे, पण तिचा खर्च मजुराच्या पोटातून काढू नये, असे आमचे मत आहे. लाकडावरचा पाव जास्त चवदार लागतो, असेही लोक म्हणतात. लागत असेल. खाणाऱ्याने एकदा त्या माळ्यावर झोपून पाहावे!

तुमचे माणूस अशा कामावर असेल, तर त्याला मोबाइलवर दोन ओळी लिहा. आता तुम्हाला लिहिता येते. लिहा, की भट्टीजवळ झोपू नको. साधा रुमाल बांधून बारीक कण अडत नाहीत, त्याला नाकातोंडावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो. खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घे. क्षयही असू शकतो. सगळे धुरावर ढकलू नको.

काका आता गावीच असतात. देवळाच्या पायऱ्या चढताना दोनदा बसतात. परवा आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा सुनेने ओली लाकडे चुलीत सारली होती. घर धुराने भरले. काका म्हणाले, "पोरी, दार उघड, अन् ती लाकडं आधी उन्हात टाक. भट्टीतनं निघायचं, तेच यातनं निघतंय." घरात गॅसची टाकी आहे. पण ती भरून आणायला पैसे लागतात, म्हणून गॅस चहापुरता. भाकरी चुलीवरच होते.