पळालो नाही, सुटलोही नाही
(लातूर येथील युवक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी नांदेडचा. पुण्यात शिकायला आलेल्या थायलंडच्या मुलीशी मी लग्न करतोय. तिकडंच राहणार, तिकडंच काम शोधणार. ही बातमी वस्तीत फुटली तेव्हापासून दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, "सुटलास लेका!" दुसरे म्हणतात, "चळवळ सोडून पळालास!" दोघांनाही आज जाहीर उत्तर द्यायचंय.

आधी पळण्याचं. १९७८ साली नामांतराचा ठराव झाला म्हणून टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना ज्या जिल्ह्यात ठार मारलं, ज्या जिल्ह्यात १ जून २०२३ ला बोंढार हवेलीत आपल्या एका पोराचा खून झाला, भीमजयंती काढल्याच्या रागातून झाला असं फिर्याद सांगते, त्या जिल्ह्यातल्या पोरानं कुणावर प्रेम करावं हा खाजगी प्रश्न राहतच नाही. बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगितलं की जात मोडायची तर आंतरजातीय लग्न हाच खरा उपाय. पण इथं पलीकडच्या गल्लीतली मुलगी समुद्रापलीकडच्या मुलीपेक्षा लांब आहे. मला बँकॉक जवळ पडलं. याची लाज मी का बाळगू? ज्यांनी गल्ली अडवून धरलीय त्यांनी बाळगावी.

आता सुटण्याचं. २०२३ साली परभणीहून चैत्यभूमीपर्यंत थायी भिक्खू चालत आले. आपण फुलं टाकली. तेच त्रिशरण, तीच पाली. म्हणून तिकडं समता नांदते असं समजू नका. तिथला धम्म राजसिंहासनाच्या सावलीत वाढला. आपला १९५६ ला बंड करून आला. तिथंही गोऱ्या कातडीचं वेड आहे. भारतीयाला 'खॅक' म्हणतात. शब्दाचा अर्थ पाहुणा; पण पुष्कळदा तो हिणवायलाच वापरतात. तिथं नवऱ्या मुलाकडून मुलीच्या आईबापाला पैसा जातो, त्याला 'सिनसोत' म्हणतात. आपल्याकडं हुंड्यापायी बाप शेत विकतो. तिथं उलटं आहे एवढंच. माणसाची बोली लागायची ती लागतेच.

आणि पोटाचं काय? नीट ऐका. भिक्खूंनी आशीर्वाद दिला म्हणजे कायद्यानं लग्न होत नाही. भारतीय दूतावासातून अविवाहित असल्याचा दाखला घ्यायचा, त्याचं थायी भाषांतर प्रमाणित करायचं आणि 'अम्फो'त, म्हणजे त्यांच्या तालुका कचेरीत, नोंद करायची. लग्नाच्या आधारावर वर्षभर राहायची परवानगी पाहिजे तर तिथल्या बँकेत ४ लाख बाट दाखवा, नाहीतर महिना ४० हजार बाट कमाई दाखवा. ४ लाख बाट म्हणजे आपले दहा लाखांवर. भूमिहीनाच्या पोराच्या सात पिढ्यांनी एवढी रक्कम पाहिली का? एवढं करूनही कामाचा परवाना वेगळा काढावा लागतो. गाडी चालवणं, केस कापणं, फेरीचा धंदा, पर्यटकांना फिरवणं, ही कामं परदेशी माणसाला बंद. जमीनही स्वतःच्या नावावर होत नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाला हे नवीन नाही, पण ठाऊक असलेलं बरं.

आणखी एक. 'थायलंडमध्ये कॉम्प्युटरची नोकरी, जेवण-राहणं फुकट' म्हणणाऱ्या एजंटापासून सावध राहा. तिथं उतरवून पोरांना म्यानमारच्या हद्दीत नेतात, कोंडतात आणि जगाला ऑनलाइन फसवायला लावतात. मार्च २०२५ मध्ये सरकारनं असे ५४९ भारतीय विमानानं परत आणले. पर्यटक व्हिसावर नोकरी देतो म्हणणारा खोटा, हे पाठ करा. बेकारीनं पोळलेलं पोरगं अशा जाळ्यात पहिलं सापडतं. प्रत्येक तालुक्यात आपल्या कार्यकर्त्यांनी अशा पोरांची कागदपत्रं तपासून द्यावीत. हे चळवळीचंच काम आहे.

शेवटचं बोलतो, राग आला तर येऊ द्या. माझं ठरल्यावर आमच्या घरी पहिला प्रश्न आला, "पोरीची जात कोणती?" तिला जात नाही म्हटल्यावर सगळे गप्प झाले, मग खूश झाले. परदेशातली सून चालते. पण उद्या महाराच्या पोरानं मांगाची पोरगी आणली तर आपल्याच वस्तीतले किती जण पंगतीला बसतील? तुम्ही हात वर करू नका. घरी जाऊन आईबापाला विचारा.

मी जातोय. तिकडून पत्रं लिहीन, जमतील तसे पैसे पाठवीन. पण इथली गल्ली ओलांडायचं काम इथं राहणाऱ्यांनीच करायचंय. ते कराल तेव्हा लग्नाला मला बोलवा. तिकिटाचे पैसे नसले तरी उसने काढून येईन.

जयभीम.