एका गुणासाठी

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

पहिल्या रांगेत बसलेले माझे सर आणि बाई, आणि इतक्या वर्षांनंतरही शेवटच्या बाकांसाठी भांडणारे माझे वर्गमित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला विषय दिला होता ‘तंत्रज्ञान आणि मूल्ये’. जेवणात श्रीखंड-पुरी आणि त्यानंतर हा विषय, म्हणजे तुमच्या झोपेची चोख व्यवस्था. म्हणून मी त्यांना म्हटलं, मी मोटारींच्या शर्यतीची एक गोष्ट सांगते. फोनवर पलीकडे जरा शांतता पसरली. पण विषय मी बदललेला नाही, हे शेवटी तुमच्या लक्षात येईल.

गोष्ट २९ मार्च २००९ची. गाव ऑस्ट्रेलियातलं मेलबर्न. फॉर्म्युला वन शर्यतींच्या त्या हंगामाची ही पहिली शर्यत. आधीच्या वर्षीचा जगज्जेता लुईस हॅमिल्टन तेव्हा २४ वर्षांचा होता आणि मॅक्लारेन या ब्रिटिश संघाकडून गाडी चालवत होता. त्या वर्षीची गाडी काही धड नव्हती. त्यात गिअरबॉक्स बदलावा लागल्याचा दंड होऊन तो १८व्या जागेवरून निघाला. टोयोटा संघाचा यार्नो ट्रुली हा इटालियन चालक तर त्याच्याही मागून, थेट पिटलेनमधून सुटला होता. दोघंही पार मागून निघाले आणि शर्यत संपत आली तेव्हा पुढच्या मोजक्या गाड्यांत होते. दोघांनीही जीव तोडून गाडी चालवली होती, हे लक्षात असू द्या.

एकूण ५८ फेऱ्या. शेवटच्या तीन फेऱ्या उरल्या असताना दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या गाड्या एकमेकींवर आदळल्या. अशा वेळी सेफ्टी कार नावाची एक गाडी सगळ्यांच्या पुढे येते आणि बाकीच्यांनी तिच्यामागून सावकाश, रांगेत जायचं असतं. आपल्याकडे प्रार्थनेहून वर्गात जायची रांग असायची तसंच. पुढच्याला ओलांडायचं नाही.

आता तिसरा ट्रुली, चौथा हॅमिल्टन. रांगेत असतानाच ट्रुलीची गाडी घसरून रस्त्याबाहेर गेली. हॅमिल्टन साहजिकच पुढे निघून गेला. समोरचाच रस्ता सोडून गेला तर पुढे जाण्यात नियमभंग नसतो. पण मॅक्लारेनच्या लोकांना खात्री वाटेना. त्यांनी शर्यतीच्या नियंत्रण कक्षाला विचारलं, तिथले लोक अपघाताच्या गडबडीत. मग त्यांनी हॅमिल्टनला रेडिओवर सांगितलं, ट्रुलीला पुढे जाऊ दे. हॅमिल्टनने वेग कमी केला, ट्रुली पुढे गेला, आणि त्याच क्रमाने शर्यत संपली. ट्रुली तिसरा, हॅमिल्टन चौथा.

इथपर्यंत कुणीही काहीही वाईट केलेलं नाही. उलट मॅक्लारेनने जरा जास्तच काळजी घेतली होती.

शर्यतीनंतर पंचांनी, म्हणजे स्ट्युअर्ड मंडळींनी, दोघांना चौकशीला बोलावलं. सेफ्टी कार असताना ट्रुली हॅमिल्टनच्या पुढे कसा गेला? हॅमिल्टनबरोबर मॅक्लारेनचे क्रीडा संचालक डेव्ह रायन होते. प्रश्न सरळ होता: ट्रुलीला जाऊ देण्याची सूचना दिली होती का? दोघांनी मिळून पंचांचा समज असा करून दिला की तशी सूचना नव्हती. म्हणजे ट्रुलीने नियम मोडून ओलांडलं. पंचांनी त्याच्या वेळेत २५ सेकंद वाढवले. तो तिसऱ्यावरून एकदम बाराव्या क्रमांकावर गेला. हॅमिल्टन तिसरा झाला.

त्या वर्षीच्या पद्धतीत तिसऱ्याला ६ गुण मिळत आणि चौथ्याला ५. हिशोब आपल्या गणिताच्या बाईंनी फळ्यावर मांडला असता तर एका ओळीत संपला असता. खरं सांगितलं असतं तर ५ गुण खिशात होते. लपवल्यामुळे मिळाला वरचा एक गुण. मराठीत शर्यतीच्या गुणाला आणि माणसाच्या गुणाला शब्द एकच, ही आपल्या भाषेची सोय.

गंमत अशी की पंचांसमोर जाण्याआधीच हॅमिल्टन वार्ताहरांशी बोलला होता आणि संघाने ट्रुलीला जाऊ द्यायला सांगितलं, हे त्याने सहज सांगून टाकलं होतं. तेव्हा त्यात लपवण्यासारखं काही आहे, हे त्याच्या मनातही नसावं. शिवाय रेडिओवरचं बोलणं ध्वनिमुद्रित होत असतंच. चारच दिवसांनी, २ एप्रिलला, मलेशियात सेपांग इथे पुढच्या शर्यतीची तयारी चालू असताना पंचांनी ही चौकशी पुन्हा उघडली. मुलाखत ऐकवली गेली, रेडिओवरचं बोलणं ऐकवलं गेलं. निकाल: हॅमिल्टन आणि मॅक्लारेन मेलबर्नच्या निकालातून बाद. सहाही गेले आणि आधीचे पाचही गेले. ट्रुलीला त्याची तिसरी जागा परत मिळाली.

दुसऱ्या दिवशी हॅमिल्टन पत्रकारांसमोर आला आणि त्याने माफी मागितली. आपला स्वभाव खोटं बोलण्याचा नाही, संघातल्या वरिष्ठाने माहिती द्यायची नाही असं सांगितलं आणि आपण ते ऐकलं, असं त्याने सांगितलं. रायन यांना आधी निलंबित केलं आणि मग त्यांची नोकरी गेली. हे गृहस्थ मॅक्लारेनमध्ये १९७४ पासून होते. ३५ वर्षं!

पण खरा धोका पुढेच होता. मॅक्लारेनचं नाव आधीच खराब झालेलं होतं. २००७ साली प्रतिस्पर्धी फेरारीच्या गाडीची शेकडो पानांची गोपनीय तांत्रिक माहिती त्यांच्या मुख्य डिझायनरकडे सापडली होती. ती कशी उघडकीला आली? त्या कागदांच्या प्रती काढायला ते इंग्लंडमधल्या एका साध्या दुकानात दिले गेले, आणि दुकानातल्या माणसाला संशय आल्यावर त्याने फेरारीला कळवलं. त्या प्रकरणात मॅक्लारेनला १० कोटी डॉलरचा दंड झाला आणि संघाचे त्या वर्षाचे सगळे गुण काढून घेतले गेले. त्याला दोन वर्षंही झाली नव्हती, तोवर हे. त्यामुळे या वेळी संघाला हंगामातूनच बाहेर काढतील, अशी चर्चा सुरू झाली. संघ बाहेर म्हणजे फक्त दोन चालक घरी बसत नाहीत. गाडीचा एकेक पंखा, एकेक नट घडवणारे शेकडो लोक असतात, आणि त्यांतल्या बहुतेकांनी मेलबर्न पाहिलेलंही नसतं.

२९ एप्रिलला पॅरिसमध्ये एफआयए या जागतिक संघटनेच्या परिषदेपुढे सुनावणी झाली. मार्टिन व्हिटमार्श त्याच वर्षी मार्चमध्ये मॅक्लारेनचे प्रमुख झाले होते. मेलबर्न ही प्रमुख म्हणून त्यांची पहिलीच शर्यत होती. त्यांनी वाद घातला नाही. आरोप मान्य केले, माफीचं पत्र आधीच दिलं होतं, आणि संघाची वागण्याची पद्धत बदलत असल्याचं सांगितलं. परिषदेने तीन शर्यतींची बंदी घातली, पण ती स्थगित ठेवली. पुढच्या बारा महिन्यांत पुन्हा काही आढळलं तरच लागू होईल, अशी. कबुलीतला मोकळेपणा बघूनच शिक्षा सौम्य केली, असं परिषदेने सांगितलंही. म्हणजे एका गुणासाठी जे लपवलं त्याने संघ जवळजवळ बुडाला होता, आणि शेवटी सरळ बोलण्यानेच तो वाचला. ते बोलणं मेलबर्नच्या त्या खोलीत झालं असतं तर त्याची किंमत होती शून्य.

आता मी इंजिनिअर, त्यामुळे तांत्रिक लबाडीचाही एक नमुना सांगते. १९९५ साली टोयोटाचा रॅली संघ स्पेनमध्ये पकडला गेला. नियम असा होता की इंजिनाच्या टर्बोकडे जाणारी हवा ३४ मिलीमीटरच्या एका कड्यातूनच गेली पाहिजे. टोयोटाच्या लोकांनी ते कडं असं बनवलं की नळी घट्ट बसवली की ते जागेवरून थोडं सरकायचं आणि बाजूच्या फटीतून जास्तीची हवा आत जायची. तपासायला नळी सोडवली, की कडं आपोआप जागच्या जागी, शहाण्या मुलासारखं! एफआयएच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी त्यातल्या कारागिरीची जाहीर वाखाणणी केली आणि वर्षभराची बंदी घातली. त्या मोसमातले सगळे गुण गेले, चालकांचेसुद्धा.

आमच्या क्षेत्रातल्या लोकांना असल्या करामतींचं छुपं कौतुक असतं. मलाही ते कडं डोक्यात फिरवून बघावंसं वाटतं. पण या दोन प्रकरणांत मला मॅक्लारेनचंच जास्त भय वाटतं. कड्यासाठी कुणीतरी बसून आराखडा काढला, धातू कापला, चाचण्या घेतल्या. थांबायला महिने होते. मेलबर्नला कुणी काही रचलं नव्हतं. एक प्रश्न आला, दोन माणसं एका बाकावर, आणि काही क्षणांत ठरलं. आपल्यावर येते ती वेळ बहुधा ही दुसऱ्या प्रकारची असते.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात लॉग नावाची वही असते. प्रोग्राम काय करतोय ते तो स्वतःच क्षणाक्षणाला लिहीत जातो. रात्री सिस्टिम बंद पडली की सकाळी सगळे त्या लॉगभोवती जमतात. लोकांना वाटतं, इतकी नोंद असल्यावर खोटं बोलायला जागा कुठे उरते? ती उरते. किती वाजता काय झालं ते लॉग सांगतो. कुणाच्या मनात काय शंका होती, कुणी कुणाला ‘राहू दे, नको बोलूस’ म्हटलं, ते त्यात नसतं. ते माणसानेच सांगावं लागतं. म्हणून चांगल्या ठिकाणी चौकशीचा पहिला नियम असा असतो की आधी ‘कोणी केलं’ विचारायचं नाही, ‘काय झालं’ ते विचारायचं. घाबरलेला माणूस अर्धंच सांगतो, आणि उरलेल्या अर्ध्यातच पुढचा बिघाड दडलेला असतो.

‘कोणी केलं’ म्हटल्यावर तुम्हाला आठवी ब आठवली असेलच. खिडकीची काच. सरांनी तीनदा विचारलं, कोणी फोडली? सगळा वर्ग तासभर उभा. ‘त्याचं’ नाव कुणीही घेतलं नाही. आजही आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ती आपल्या एकीची गोष्ट म्हणून फिरते, आणि ज्याने फोडली तो सगळ्यांत जास्त स्मायली टाकतो. मलाही ती आठवण आवडते. शिक्षा झाली ती आपल्यालाच झाली, ओझं आपण वाटून घेतलं.

पण समजा सरांनी आठवी अ मधल्या एखाद्या मुलाला उभं केलं असतं. त्याला छड्या बसत असताना आपण गप्प राहिलो असतो, तर तिला एकी म्हणता आलं असतं का? मेलबर्नला नेमकं हेच झालं. मॅक्लारेनच्या दोघांनी एकमेकांना सांभाळलं आणि त्याची भरपाई केली ट्रुलीने, पिटलेनमधून निघून तिसरा आलेल्या माणसाने. आपल्या माणसांशी निष्ठा हा मोठा गुण आहे. मात्र बिल बाहेरच्या कुणाच्या नावावर फाडलं जातंय का, तेवढं पाहायला हवं. माझ्यापुरती मी हीच कसोटी ठेवली आहे, आणि मीटिंगमध्ये ती सुविचारांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

शेवटचं सांगते आणि माईक सोडते. ही गोष्ट ऐकताना आपण सगळे स्वतःला हॅमिल्टनच्या जागी बसवतो. तरुण, हुशार, वरिष्ठांच्या दबावाखाली आलेला. पण मित्रहो, जरा आजूबाजूला बघा. केस बघा, चष्मे बघा. आपण आता रायनच्या वयाकडे चाललो आहोत. आपल्यातलं कुणी बँकेत शाखा सांभाळतं, कुणी दवाखाना, कुणी कारखान्यातली पाळी, कुणी आपल्याच तालुक्यात शाळा. चौकशीच्या खोलीत आता आपल्या शेजारी कुणीतरी चोवीस वर्षांचं बसलेलं असतं. प्रश्न त्याला विचारला जातो आणि उत्तर देण्याआधी तो एकदा आपल्याकडे बघतो. रायन हे काही चोर नव्हते. ३५ वर्षं त्यांनी त्या संघासाठी घातली होती आणि त्या क्षणीही ते संघाचंच भलं बघत होते. म्हणूनच मला त्यांची आठवण जास्त येते.

सर, बाई, तुमच्याकडे आम्ही तसंच बघायचो. तपासणीला साहेब यायचे, वर्गात प्रश्न विचारायचे आणि आम्ही उत्तराआधी तुमच्या चेहऱ्याकडे बघायचो. तुमच्यापैकी कुणीही कधी डोळ्यांनी उत्तर सुचवलं नाही. आम्ही चुकायचो, साहेब शेरा लिहायचे, तुम्हाला ऐकून घ्यावं लागायचं. ते तुमच्यासाठी किती अवघड असेल, हे आता आमच्या शेजारी कुणी बसायला लागल्यावर कळतंय.

त्याबद्दल आज सगळ्या वर्गाच्या वतीने नमस्कार करते आणि थांबते.