मोटोक्रॉस आणि सुपरक्रॉस : नवशिक्यांस दोन शब्द



आमच्या न्हावा-शेवा पट्ट्यांत पूर्वीं भातशेतें आणि मिठागरें होतीं. १९८९ सालीं बंदर सुरू झालें, ठिकठिकाणीं भराव पडले, आणि आतां त्या भरावाच्या ढिगांवरून कांहीं तरुण मोटारसायकली उडवूं पाहतात. २०२४ च्या जानेवारींत पुण्यास बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत भारतीय सुपरक्रॉस लीगची पहिली शर्यत झाली. तिचीं चित्रें पाहून हा नाद अधिकच बळावतो. नाद वाईट नाहीं. परंतु मोटोक्रॉस व सुपरक्रॉस एकच, हा समज मात्र हाडें मोडणारा आहे.

मोटोक्रॉस वडील, सुपरक्रॉस धाकटा. पहिल्याचा उगम इंग्लंडांत कॅम्बर्ली येथें १९२४ सालीं झालेल्या शर्यतींत मानतात. त्याची वाट मोकळ्या माळावर, जमिनीच्या मूळच्या चढउतारांवरून आंखलेली असते. एक फेरा सुमारें दीड-दोन किलोमीटरांचा. वाट रुंद, वेग मोठा, आणि फेऱ्यागणिक चाकोऱ्या खोल होत जातात.

सुपरक्रॉसला आजचें रूप आलें तें १९७२ सालीं, अमेरिकेंत लॉस एंजेलिस कोलीझियम या क्रीडांगणांत. ती शर्यत सोळा वर्षांच्या मार्टी ट्रिप्सनें जिंकली. पण तो पोरगा तत्पूर्वीं माळावरच्या शर्यतींत तयार झालेला होता, हें विसरूं नये. येथें माती बाहेरून आणून ओतलेली असते. फेरा सुमारें मिनिटभराचा, वळणें आंखूड, उंचवटे उभे आणि एकमेकांस लागून. ‘ट्रिपल’ म्हणजे तीन उंचवटे एका उडींत ओलांडणें. ‘हूप्स’ म्हणजे लहान उंचवट्यांची सलग रांग. धांव घेण्यास जागा थोडी, म्हणून हिशेब हातभर चुकला तरी पुढचें चाक समोरच्या मातीवर आदळतें.

गाडीहि वेगळी लागते. सुपरक्रॉससाठीं तिच्या स्प्रिंगा कडक करतात. तीच गाडी माळावर नेली तर खांचखळग्यांनीं मनगटें थकून जातात. या गाड्यांचीं चाकें सुमारें ३०० मिलिमीटर खालींवर होऊं शकतात. रस्त्यावरच्या साध्या गाडींत त्याच्या निम्मीहि सोय नसते.

म्हणून नवशिक्यानें आरंभ मोटोक्रॉसनेंच करावा. प्रथम वाट पायीं फिरून पाहावी. मग ‘टेबलटॉप’ साधावा. त्याचा माथा सपाट असल्यामुळें उडी तोकडी पडली तरी गाडी सपाटीवर उतरते. तो साधल्यावरच दोन उंचवट्यांची उडी. पिवळें निशाण दिसतांच वेग आंवरावा. उडीहि नको आणि पुढें जाण्याची घाईहि नको. शिरस्त्राण, उंच बूट, छातीचें व गुडघ्यांचें कवच यांवांचून गाडीस हात लावूं नये. एकट्यानें सराव करूं नये.

आतां मुख्य गोष्ट. आंखलेल्या वाटेवर चढणीच्या पलीकडे तशीच उतरण बांधलेली असते. तीच गाडीचा धक्का शोषून घेते. भरावाच्या ढिगास ती उतरण नसते. तेथें सारा भार स्वाराच्या कण्यावर येतो.

नुसत्या मनाईनें मुलें थांबत नाहींत, हें शिक्षकाच्या जन्मांत मीं पुष्कळ पाहिलें आहे. तेव्हां ग्रामपंचायतींनीं व वडीलधाऱ्यांनीं, जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं, एखादी साधी सरावाची वाट करून द्यावी. तिच्यावर ट्रिपल नको. चार वळणें आणि दोन टेबलटॉप पुरेत. एवढी विनंती करून आपली रजा घेतों.