शक्ती कोणाची?

(नवरात्रोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



नवरात्रात घरोघरी घट बसतात, अखंड दीप तेवतो, सप्तशतीचे पाठ होतात. आणि तरीही 'देवी कोण?' असे कोणी विचारले, तर आपण सहज सांगून जातो : शंकराची पत्नी, देवांची शक्ती. या उत्तरातली षष्ठी विभक्ती मला नेहमी खटकते. शक्ती ही कोणाची तरी असलीच पाहिजे, असे आपण गृहीत धरतो. आपल्या शास्त्रांनी मात्र ते गृहीत धरलेले नाही.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १२५वे सूक्त पाहा. ऋचा अवघ्या आठ, आणि त्यांची द्रष्टी अम्भृण ऋषींची कन्या वाक्. इतर सूक्तांत ऋषी देवतेला आळवतो. येथे ही ऋषिका कोणालाच आळवत नाही. ती स्वतःविषयी बोलते. मित्र-वरुणांना, इंद्र-अग्नींना धारण करणारी आपणच, रुद्राच्या धनुष्याला प्रत्यंचा चढविणारीही आपणच, असे ती सांगते. स्तुती करणारी आणि स्तुत्य असा भेदच तेथे उरत नाही.

केनोपनिषदातील उमा हैमवतीचा दाखला या संदर्भात नेहमी दिला जातो. पण तेथे अतिशयोक्ती करू नये. गर्विष्ठ देवांसमोर प्रकटलेले यक्ष म्हणजे ब्रह्म होय, हे उमा इंद्राला सांगते. ती ब्रह्म जाणणारी आहे, आपणच ब्रह्म असल्याचे ती तेथे म्हणत नाही. ते पाऊल पुढे देवीभागवताने टाकले. तीच कथा सांगताना ते तेज देवीचेच होते, असे त्या पुराणाने स्पष्ट केले.

परंतु या विचाराचा खरा गाभा आहे तो देवीमाहात्म्यात. मार्कंडेय पुराणातील हे तेरा अध्याय म्हणजेच आपली सप्तशती. त्यातला दुसरा अध्याय आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. महिषासुराने गांजलेल्या देवांच्या शरीरांतून तेज निघते, एकवटते आणि त्याची स्त्रीमूर्ती होते. शिव त्रिशूळ देतो, विष्णू चक्र देतो, इंद्र वज्र देतो, हिमालय वाहनासाठी सिंह देतो. वाचन येथेच थांबविले तर देवी म्हणजे देवांच्या वर्गणीतून उभी राहिलेली कोणीतरी, असेच वाटेल. शुंभाचाही तोच समज झाला होता. दहाव्या अध्यायात तो तिला हिणवतो की, इतरांच्या बळावर लढतेस आणि मानिनी म्हणवून घेतेस! तेव्हा ती त्याला ऐकवते की, आपल्यावाचून या जगात दुसरे कोणी नाहीच. ब्रह्माणी, वैष्णवी आदी साऱ्या देवी तत्क्षणी तिच्यात विलीन होतात आणि रणांगणावर ती एकटी उरते.

मग देवांच्या तेजातून ती जन्मली, याचे काय? उत्तर पहिल्याच अध्यायात आहे. राज्य गमावलेला सुरथ राजा आणि घरच्यांनी हाकलून दिलेला समाधी वैश्य मेधा ऋषींकडे येतात. ही महामाया कोण आणि ती उत्पन्न तरी कशी झाली, असे राजा विचारतो. ऋषी सांगतात की, ती नित्यच आहे. देवकार्यासाठी प्रकटली म्हणजे लोक तिला 'जन्मली' म्हणतात, इतकेच. दुसरा अध्याय या खुलाशानंतर येतो, हे आपण विसरतो.

तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचे तर सांख्यांची प्रकृती जड आहे. देवी जड नाही, ती चित् आहे. शाक्त विचारवंत म्हणतात की, अग्नी आणि त्याची उष्णता वेगळी काढता येत नाही, तसेच शक्ती आणि शक्तिमान. आपल्या ज्ञानोबांनी 'अमृतानुभवा'चा आरंभच शिव-शक्तीच्या ऐक्याने केला आहे. पाचव्या अध्यायातली देवांची स्तुती तर आणखी पुढे जाते. सर्व प्राणिमात्रांत ती बुद्धी होऊन राहते आणि दया होऊन राहते, हे मान्य करणे सोपे आहे. पण ती भूक होऊन राहते, निद्रा होऊन राहते, इतकेच नव्हे तर भ्रांतीही होऊन राहते! चांगले तेवढे देवाचे आणि उरलेले दुसऱ्या कोणाचे, अशी वाटणी येथे नाही. परमतत्त्व एकच असेल, तर आपल्या चुकाही त्याच्या बाहेर कशा राहतील?

याच ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात जगातील सर्व स्त्रिया तिचीच रूपे असल्याचे देव म्हणतात. सर्व स्त्रिया. त्यात सवाष्ण-विधवा असा भेद केलेला नाही. दशमहाविद्यांपैकी धूमावती तर विधवा रूपातच पूजिली जाते.

हे मी आज व्यासपीठावरून सांगतो आहे खरा, पण माझ्या घरी ते मला फार उशिरा दिसले. वडील गेल्यानंतरही नवरात्रातला सप्तशतीचा पाठ आईच करीत असे. तेराही अध्याय, नऊ दिवस, कधी खंड नाही. मात्र अष्टमीला सवाष्णींच्या ओट्या भरायची वेळ आली की, ती पोथी बांधून स्वयंपाकघरात जाई. तिला कोणी 'जा' म्हणत नव्हते. कोणी 'थांब'ही म्हणत नव्हते, मीसुद्धा नाही. संस्कृतीवर वर्षानुवर्षे लेख लिहिणारा मी, त्या वेळी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसलेला असे.

गेल्या वर्षी अष्टमीला माझ्या पत्नीने हळदीकुंकवाचे तबक तिच्यासमोर धरले आणि म्हणाली, ''आई, यंदा ओट्या तुम्ही भरायच्या.'' आईचा अकरावा अध्याय चालू होता. तिने मान वर केली नाही, बोटाने फक्त 'थांब' अशी खूण केली. अध्याय संपवला, पोथीला नमस्कार केला. मग हात पुसले आणि तबक घेतले.