गायकाच्या कानासाठी

शास्त्रीय संगीताची मैफल असो, नाट्यपदांचा कार्यक्रम असो की भावगीतांचा, आजच्या मंचावर एकाच वेळी दोन वेगळे आवाज तयार केले जातात: एक सभागृहातल्या रसिकांसाठी आणि दुसरा मंचावरच्या कलावंतांसाठी. रसिकांचा आवाज मंचाच्या दोन्ही अंगांना उभ्या केलेल्या मोठ्या लाउडस्पीकरमधून जातो, तर कलावंतांचा आवाज त्यांच्या पुढ्यात तोंड वर करून तिरक्या ठेवलेल्या ज्या लहान लाउडस्पीकरमधून येतो, त्याला मॉनिटर म्हणतात. माइक येण्यापूर्वीच्या संगीत रंगभूमीवर गायकाला आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला ऐकू येणारा आवाज मुळात एकच होता, म्हणून हा प्रश्न उद्भवतच नव्हता. माइक आणि मोठे लाउडस्पीकर आल्यावर मात्र गायक स्वतःच्याच आवाजाच्या मागच्या बाजूला पडला आणि त्याच्या कानावर सभागृहाच्या भिंतींवरून परतलेला आवाज येऊ लागला. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्यामुळे पंचवीस मीटरवरच्या मागच्या भिंतीला आपटून परतणाऱ्या आवाजाला जवळजवळ १४५ मिलिसेकंद लागतात. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत एक मात्रा २५० मिलिसेकंदांची असते हे ध्यानात घेतले, तर परतणारा आवाज अर्ध्या मात्रेहून अधिक मागे असतो आणि त्याच्या भरवशावर सम गाठणे किती कठीण असते, हे तबलजीला वेगळे सांगावे लागत नाही. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये सुमारे ५५,००० श्रोत्यांपुढे बीटल्स या वाद्यवृंदाने कार्यक्रम केला, तेव्हा मंचावर मॉनिटर नव्हते आणि गर्दीच्या कल्लोळात त्या चौघांना स्वतःचे गाणे धड ऐकू येत नव्हते.

मॉनिटरमध्ये काय किती असावे, हे मिक्सर या यंत्रावर ठरते. प्रत्येक माइकचा आवाज मिक्सरमध्ये येतो आणि तिथून ऑक्झिलरी नावाच्या वेगळ्या वाटेने, हव्या त्या प्रमाणात, मॉनिटरकडे पाठवला जातो. ही वाट मुख्य फेडरच्या, म्हणजे रसिकांचा आवाज कमीजास्त करणाऱ्या सरकत्या खुंटीच्या, आधी काढलेली असते आणि त्यामुळे रसिकांसाठी केलेला फेरफार गायकाच्या कानाला जाणवत नाही. मिक्सर आणि अॅम्प्लिफायर यांच्यामध्ये जे यंत्र बसते ते डिजिटल लाउडस्पीकर प्रोसेसर होय. पूर्वी आवाजाचे उंच आणि खालचे भाग वेगळे करणारा क्रॉसओव्हर, स्वरपट्टीचे भाग कमीजास्त करणारा इक्वलायझर, आवाज काही मिलिसेकंद उशिराने सोडणारा विलंबक आणि आवाजाला कमाल मर्यादेत ठेवणारा लिमिटर ही स्वतंत्र यंत्रे असत, आणि १९९० च्या दशकात ती अंकांच्या भाषेत एकाच पेटीत आली. अशा पेटीला सामान्यतः दोन किंवा तीन आगमने आणि सहा निर्गमने असतात, आणि कोणते आगमन कोणत्या निर्गमनाला जोडायचे किंवा कोणत्या दोन आगमनांची बेरीज करायची, हे पडद्यावरून ठरवता येते.

या शेवटच्या सोयीमुळे एक मोह निर्माण होतो. लहान मिक्सरवर ऑक्झिलरी वाटा अपुऱ्या पडल्या, की गायकाचा आवाज एका आगमनात, तबला-हार्मोनियम दुसऱ्यात आणि तानपुरे तिसऱ्यात घालून प्रत्येक मॉनिटरसाठी वेगळी बेरीज प्रोसेसरमध्येच करावी, असे अनेकांना वाटते. तंत्राच्या दृष्टीने हे शक्य आहे आणि दोन मॉनिटरच्या घरगुती बैठकीत ते चालूनही जाते, परंतु मंचावरच्या गरजेला ते पुरे पडत नाही. मैफल सुरू असताना गायक आलाप न थांबवता तानपुऱ्याकडे बोट दाखवतो आणि तळहात किंचित वर उचलतो. ती खूण समजून ध्वनिसंयोजकाचा हात दोन सेकंदांत योग्य खुंटीवर गेला पाहिजे, आणि प्रोसेसरच्या पडद्यावर एकामागून एक पाने उलटून ती जागा शोधेपर्यंत बंदिशीचा मुखडा येऊन गेलेला असतो. म्हणून कोणाला काय किती ऐकू जावे हे मिक्सरवरच ठरवणे आणि ठरलेला आवाज मॉनिटरमधून स्वच्छ, सुरक्षित आणि शिट्टीशिवाय बाहेर पडावा एवढेच काम प्रोसेसरकडे सोपवणे, ही विभागणी सर्वांत टिकाऊ ठरते.

शिट्टीचा विषय थोडा सविस्तर पाहणे आवश्यक आहे. माइकने उचललेला आवाज मॉनिटरमधून बाहेर पडतो आणि पुन्हा त्याच माइकवर येतो. ज्या वारंवारतेला, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या ज्या संख्येला, परतलेला आवाज मूळ आवाजाइतका किंवा त्याहून मोठा असतो आणि दोघांची कंपने एकाच पावलाने चालत असतात, तिथे ही फेरी स्वतःलाच पोसू लागते आणि सभागृहाला नकोशी असलेली किंकाळी उठते. डेन्मार्कचे भौतिकशास्त्रज्ञ सोरेन अब्सालोन लार्सेन यांच्या नावावरून या घटनेला लार्सेन परिणाम म्हणतात. शिट्टी एका बारीक वारंवारतेवर उठते, म्हणून तिच्यावरचा उपायही तितकाच बारीक असावा, हे तर्काला धरून आहे. जुन्या एकतीस पट्ट्यांच्या इक्वलायझरमध्ये मात्र प्रत्येक पट्टी सप्तकाचा तिसरा हिस्सा व्यापते. संगीताच्या भाषेत बोलायचे तर ते षड्जापासून शुद्ध गंधारापर्यंतचे अंतर होय. २,५०० हर्ट्झवरची एक शिट्टी दाबण्यासाठी अशी पट्टी खाली ओढली, तर सुमारे ५८० हर्ट्झ रुंदीचा प्रदेश कापला जातो, आणि शब्दांतली व्यंजने स्पष्ट करणारा भाग नेमका तिथेच असल्यामुळे गायकाला आपला आवाज बोथट वाटू लागतो. तो आवाज वाढवायला सांगतो, आवाज वाढवला की दुसरीकडे शिट्टी उठते, तिथली पट्टीही खाली ओढली जाते, आणि मध्यंतरापर्यंत मॉनिटरमधून घोंगडीआडून आल्यासारखा आवाज येऊ लागतो. प्रोसेसरमधील गाळणीची रुंदी हवी तशी ठरवता येते. ती सप्तकाच्या दहाव्या हिस्स्याइतकी ठेवली, तर त्याच ठिकाणी फक्त १७३ हर्ट्झ, म्हणजे षड्ज ते कोमल ऋषभ या अंतराहून थोडाच अधिक भाग जातो आणि गाणे बहुतांशी शाबूत राहते.

त्याहून बारीक गाळणी अधिक चांगली, असा समज मात्र चुकीचा आहे. दिवे लागल्यावर आणि सभागृह भरल्यावर मंचावरची हवा तापते, आणि तापमान वीसवरून तीस अंश सेल्सिअसवर गेले, की ध्वनीचा वेग सुमारे पावणेदोन टक्क्यांनी वाढतो आणि त्याबरोबर शिट्टीची जागाही साधारण तेवढीच सरकते. दुपारी रिकाम्या सभागृहात अतिशय अरुंद कापलेली खाच संध्याकाळी शिट्टीच्या शेजारीच रिकामी पडून राहते, तर सप्तकाच्या दहाव्या हिस्स्याची खाच जवळजवळ सात टक्के रुंद असल्यामुळे एवढे सरकणे सांभाळून घेते. अशा तीन-चार खाचा एका मॉनिटरला पुरल्या पाहिजेत, आणि आठ-दहा लागत असतील, तर दोष स्वरपट्टीत नसून मॉनिटर किंवा माइक ठेवण्याच्या जागेत आहे असे समजावे.

काही प्रोसेसरमध्ये शिट्टी स्वतः ओळखून स्वतःच खाच पाडणारी सोय असते. एकाच वारंवारतेवर बराच वेळ टिकून राहिलेला आणि भोवतालच्या आवाजांहून उंच उठलेला ध्वनी म्हणजे शिट्टी, असा तिचा ढोबळ हिशेब असतो. भाषणाच्या सभेत हा हिशेब ठीक बसतो, पण भारतीय संगीताचा पायाच टिकलेल्या स्वरावर उभा आहे. तानपुरा तासभर तेच स्वर देत राहतो, हार्मोनियमवर षड्ज धरून ठेवलेला असतो, आणि तार षड्जावर गायकाने केलेला ठहराव हा तर मैफलीतला सर्वोच्च क्षण असतो. या स्वयंचलित सोयीला त्यातली कोणतीही गोष्ट शिट्टी वाटू शकते आणि ती गायकाच्या आधारस्वरालाच खाच पाडू शकते. मैफलीच्या वेळी ती सोय बंद ठेवावी, हेच योग्य.

खालच्या बाजूचा भाग कापण्याबाबत मात्र संकोच करण्याचे कारण नाही. मॉनिटरमधून १०० हर्ट्झखालचा आवाज काढून टाकला, तर लाकडी मंचाची गुणगुण आणि डग्ग्याचा घुमारा कमी होतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्यातली खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर असते, आणि तिचा मूळ ध्वनी या कापणीत जातो हे खरे आहे. परंतु जवारीमुळे त्या तारेतून मूळ ध्वनीच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट वारंवारतेचे जे सहस्वर भरपूर उमटतात, ते सर्व कायम राहतात आणि त्यांच्यावरून कान खर्जाची जाणीव आपोआप पुरी करतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये तानपुरा आणि वीणा यांच्या घोडीच्या घडणीतून उमटणाऱ्या याच सहस्वरांच्या समृद्धीकडे भौतिकशास्त्राचे लक्ष वेधले होते. पाचव्या सहस्वरातून उमटणारा स्वयंभू गंधार ३४७ हर्ट्झच्या आसपास येतो आणि त्याला या कापणीचा स्पर्शही होत नाही.

मॉनिटरच्या आत एक शंकू आणि एक कर्णा असतो, आणि त्यांची वाटणी साधारण दीड हजार हर्ट्झच्या आसपास होते. तिथे ध्वनीची तरंगलांबी जवळजवळ तेवीस सेंटिमीटर असल्यामुळे एकाचे ध्वनिकेंद्र दुसऱ्याच्या अकरा-साडेअकरा सेंटिमीटर मागे असले, तर दोघांची कंपने परस्परांना खोडतात आणि आवाजात खड्डा पडतो. पुढे असलेल्याला सुमारे एक तृतीयांश मिलिसेकंद उशीर दिला, की हा दोष जातो. या वाटणीसाठी बहुतेक प्रोसेसर सीगफ्रीड लिंक्विट्झ आणि रस रायली यांची १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेली रचना वापरतात. लिमिटर माइक पडल्याच्या धक्क्यापासून कर्ण्याचा पडदा वाचवतो. तो त्याच कामापुरता ठेवावा, कारण गाण्यावर सतत दाब देणारा लिमिटर गायकाच्या आवाजातला लहानमोठेपणाच हिरावून घेतो.

प्रोसेसर सुरू करण्यापूर्वी काही गोष्टी हातानेच करायच्या असतात. ज्याची ग्रहणरेषा हृदयाच्या आकाराची असते, तो कार्डिऑइड माइक अगदी मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर त्याच्या शेपटीच्या दिशेला हवा. सुपरकार्डिऑइड माइक सुमारे १२६ अंशांवर बहिरा असतो, म्हणून त्याच्यासाठी मॉनिटर बाजूला सरकवावा लागतो. गाणारे तोंड आणि माइक यांतले अंतर निम्मे केले, तर माइकवर येणारा आवाज सुमारे सहा डेसिबेलने वाढतो, आणि उघड्या माइकची संख्या दुप्पट झाली, की शिट्टीपूर्वीची मोकळीक तीन डेसिबेलने घटते. एवढे डेसिबेल कोणतीही गाळणी फुकट देत नाही. तबल्यापुढचा तिसरा, केवळ शोभेचा माइक काढून टाकणे हा पुष्कळदा प्रोसेसरमधल्या सर्व मांडणीहून अधिक उपयोगी उपाय ठरतो.

ही सर्व जुळवणी रिकाम्या मंचावर आणि घाईत होत नाही. गायक आपल्या नेहमीच्या बैठकीत बसलेला, तानपुरे मिळवलेले, तबला सुरात लावलेला आणि मंचावरचे दिवे लागलेले असतील, तेव्हाच खरी शिट्टी कुठे उठते आणि गायकाला कशाची उणीव भासते हे कळते. मैफलींच्या आयोजकांना म्हणून एवढीच विनंती आहे, की सत्कार, दीपप्रज्वलन आणि प्रास्ताविक यांची वेळ कार्यक्रमपत्रिकेत नोंदताना सभागृहाची दारे उघडण्यापूर्वीचा पाऊण तास गायक, साथीदार आणि ध्वनिसंयोजक यांच्या नावाने नोंदवावा आणि तो दुसऱ्या कोणत्याही कामासाठी घेऊ नये.